बातमीच्या कॅमेरामनचा लिबास : कापडवाल्याच्या नजरेतून

शर्टाचा कोणता भाग आधी झिजला हे पाहिले की गिऱ्हाईकाचा धंदा ओळखता येतो. ट्रक चालविणाऱ्याच्या उजव्या बाहीचा रंग उन्हाने उडालेला असतो. मुनीमजींच्या कोपराला भोक पडते. मागावरच्या कारागिराच्या शर्टाला पोटाजवळ तेलाचा पट्टा असतो. आणि उजव्या खांद्यावरची शिवण उसवलेली, तिथले कापड जाळीसारखे विरलेले, बाकी शर्ट मात्र धड, असा तरुण दुकानात आला तर आम्ही समजतो की हा टीव्हीचा कॅमेरामन आहे.

गेल्या रमजानच्या आधी असेच दोघे आमच्या भिवंडीच्या दुकानात आले. दोघेही बातम्यांच्या वाहिन्यांसाठी काम करणारे. त्यातला एक पगारी, दुसरा बातमीमागे पैसे घेणारा. म्हणाले, "शेठ, जास्त टिकेल असं काहीतरी द्या, सहा महिन्यांत खांदा जातो." आम्ही विचारले, वाहिनी कपडे देत नाही का? पगारी तरुण हसला. वर्षाला बोधचिन्ह छापलेले दोन टी-शर्ट मिळतात, म्हणाला. दुसऱ्याला तेही नाहीत. पडद्यावर दिसणाऱ्या निवेदकाच्या कोटाची, टायची, चेहऱ्याच्या पावडरीचीही काळजी वाहणारा माणूस वाहिनीत असतो. जो उन्हात, पुरात, आगीसमोर आणि दगडफेकीत उभा राहतो, त्याने काय घालावे हे सांगणारा कोणी नाही. तो आपला बाजारात जातो आणि दुकानदार जे पुढे टाकतो ते घेतो. म्हणजे ही जबाबदारी आपोआप आम्हा कापडवाल्यांकडे येते, आणि ती आम्ही नीट पार पाडलेली नाही. हे दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तालुक्यातल्याच एका गावचा तरुण कॅमेरामन आमच्याकडून तीन शर्टांचे कापड घेऊन गेला. त्या वेळी ६७ टक्के पॉलिस्टर आणि ३३ टक्के सूत असा मिश्र माल आमच्याकडे पडून होता. त्याने विचारले, "कॉटन आहे ना?" आमच्या तोंडून सवयीने निघाले, "कॉटनच आहे, इस्त्रीची कटकट नाही." बाजारात असेच बोलण्याची रीत आहे. टेरीकॉटला लोक कॉटन म्हणतात, आम्हीही म्हणतो, आणि कोणी हरकत घेत नाही. पुढे काही महिन्यांनी भिवंडीच्या आसपासच्या एका गोदामाला आग लागली. इथे गोदामे पुष्कळ, त्यांत सूत, रसायने, पुठ्ठे, प्लॅस्टिक सगळे एकाला एक लागून, त्यामुळे आगीही पुष्कळ. तो तरुण चित्रण करायला पुढे गेला आणि जळते ठिणगे उडून त्याच्या उजव्या बाहीवर पडले.

तो दुकानात आला तेव्हा हाताची पट्टी निघाली होती. भांडायला आला नव्हता. पिशवीतून ती बाही काढून त्याने काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "शेठ, हे कॉटन असतं तर असं झालं असतं का?" भोकांच्या कडा काळ्या, कडक, मण्यांसारख्या झाल्या होत्या. सूत असे कधी होत नाही. डॉक्टरांना त्याच्या कातडीला चिकटलेले कापड काढायला वेळ लागला होता. आम्ही पैसे परत देऊ केले, त्याने घेतले नाहीत. ओल्या धान्याच्या ढिगाची हदीस आम्ही लहानपणी मदरशात ऐकली होती. धान्याच्या जागी कापड ठेवून ती कधी ऐकली नव्हती.

दोरा जाळून पाहा

आता कापडाचा मामला सरळ सांगतो, कारण कॅमेरामनने एवढे तरी समजून घ्यावे. पॉलिस्टर सुमारे २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते. नायलॉन जातीप्रमाणे २२० ते २६० च्या दरम्यान. वितळले की ते मेणासारखे वाहते आणि कातडीवर चिकटून थंड होईपर्यंत भाजत राहते. सूत वितळत नाही. ते जळते, काळे पडते, राख होऊन गळते. मिश्र कापडात तर आणखी वाईट होते. त्यातले सूत जळताना वातीचे काम करते आणि वितळलेल्या पॉलिस्टरला धरून ठेवते. म्हणून थोडे सूत मिसळले म्हणजे धोका तेवढा कमी झाला, असा हिशेब चालत नाही.

ही केवळ कापडबाजारातली चर्चा नाही. २००६ साली इराकमध्ये अमेरिकी मरीन सैनिकांना छावणीबाहेर पडताना पॉलिस्टर-नायलॉनचे घाम शोषणारे म्हणून विकले जाणारे बनियन घालण्यास मनाई करण्यात आली, कारण स्फोटाच्या आगीत ते अंगाला चिकटून जखमा वाढवीत होते. आपल्याकडे वाहिन्या जे बोधचिन्हाचे टी-शर्ट वाटतात, ते पुष्कळदा याच जातीचे असतात. स्वस्त पडतात, त्यावर छपाई चांगली उठते, चुरगळत नाहीत. कार्यालयात घालायला हरकत नाही. आगीच्या बातमीला जाताना मात्र तो काढून ठेवावा, आणि आत बनियनसुद्धा सुती असावे. शर्ट सुती आणि आत नायलॉनचे बनियन घालून काही साधत नाही.

सूत अग्निरोधक असते असा गैरसमज मात्र कोणी करून घेऊ नये. सूतही पेटते, आणि पातळ, विरळ विणीचे किंवा लव काढलेले सुती कापड तर झटकन पेटते. जाड, घट्ट विणीचे ड्रिल किंवा ट्विल सावकाश पेटते, तेवढ्यात माणसाला मागे सरता येते. आग न धरणारी प्रक्रिया केलेले सुती कापड आणि अरामिड धाग्याचे कापडही मिळते, कारखान्यांत व अग्निशमन दलात ते वापरतात. ज्याला नेहमीच अशा ठिकाणी पाठवले जाते त्याला ते वाहिनीने घेऊन द्यावे, त्याच्या खिशाचे ते काम नाही. भाजलेच तर जखमेवर वीसेक मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे आणि चिकटलेले कापड ओढून काढू नये, ते डॉक्टरांवर सोपवावे.

दुकानदार खरे बोलतो की नाही हे पाहण्याची युक्ती प्रत्येक कापडवाल्याला ठाऊक असते, गिऱ्हाईकाला ती क्वचितच सांगितली जाते. कापडाच्या कडेचे दोन-चार धागे काढावेत, एक उभा आणि एक आडवा, दोन्ही वेगवेगळे, आणि दुकानाबाहेर उभे राहून काडी लावावी. सूत कागदासारखे जळते, वास जळक्या कागदाचा येतो, राख मऊ आणि करडी, बोटांनी चुरली की उडते. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसते, वितळते, काळा धूर सोडते आणि शेवटी टणक मणी उरतो. मिश्र धाग्यात राखही असते आणि मणीही. उभा आणि आडवा असे वेगवेगळे पाहायचे कारण म्हणजे काही मालात ताणा एका जातीचा आणि बाणा दुसऱ्या जातीचा असतो. कापडावर कोणत्या धाग्याचे किती प्रमाण आहे ते छापले पाहिजे, असा ग्राहक संरक्षणाचा नियम वस्त्र आयुक्तांनी १९८८ साली केला. छाप ताक्यावर असते, मीटरने कापून घेतलेल्या तुकड्यावर ती येत नाही, आणि नेमका तिथेच गिऱ्हाईक फसतो. त्या बाहीनंतर आम्ही कापडाचे प्रमाण बिलावर लिहू लागलो. सुरुवातीला शेजारचे दुकानदार हसले. एक-दोन गिऱ्हाईके बिल वाचून माल ठेवून गेली, हेही खरे.

ऊन आणि घाम

आगीची बातमी रोज नसते, ऊन रोज असते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला आणि उष्माघाताने १४ माणसे दगावली. असे कार्यक्रम, सभा, मोर्चे चित्रित करणारा माणूस सावलीत बसू शकत नाही. लोक येण्याच्या आधी तो पोहोचतो आणि लोक गेल्यावर निघतो. पूर्वीचा बीटाकॅम लेन्स आणि बॅटरीसह आठ-दहा किलोंचा असे. आता यंत्रे हलकी झाली, काहीजण तर मोबाईलवरच काम भागवितात, परंतु खांद्यावरचा कॅमेरा अजून गेलेला नाही.

अशा वेळी कापडाने ओल धरावी लागते. सर्वसाधारण हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओल सहज धरते, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. सुती शर्ट घाम पितो आणि वाऱ्याने तो वाळताना अंग थंड होते. साध्या पॉलिस्टरच्या शर्टात घाम अंगावरून ओघळत राहतो. खेळाडूंसाठी खास विणलेले पॉलिस्टर घाम पसरवते आणि लवकर वाळते, ते आम्ही नाकारत नाही, पण रस्त्यावर तीनशे रुपयांना मिळतो तो माल तसा नसतो. सुताचा दोष असा की भिजले की जड होते आणि वाळायला वेळ लागतो. म्हणून उन्हाळ्यात कॅमेरामनने बॅगेत दुसरा शर्ट ठेवावा.

शर्ट पूर्ण बाह्यांचा आणि सैल हवा. अर्ध्या बाहीत हवा लागते असे तरुणांना वाटते. पण ऊन थेट कातडीवर घेण्यापेक्षा पातळ सुती बाहीखाली हात ठेवलेला चांगला, हे शेतात राबणाऱ्या बायका न शिकता जाणतात. शर्टाला साधे पॉपलीन, चौरस मीटरला ११० ते १३० ग्रॅम वजनाचे, पुरते. पँटीला सुती ट्विल किंवा ड्रिल, २४० ते २८० ग्रॅमचे. जीन मजबूत खरी, पण भिजली की दिवसभर वाळत नाही, आणि मे महिन्यात चंद्रपूरला जीन घालून उभे राहणारा माणूस आपल्या पायांवर जुलूम करतो.

रंगाचा मामला

रंगाच्या बाबतीत आम्ही कॅमेरामनकडूनच शिकलो. आमची समजूत होती की उन्हात काम आहे तर पांढरा द्यावा. त्या दोघांतला वयाने मोठा म्हणाला, "पांढरा नको शेठ, काचेत आम्हीच दिसतो." दुकानाच्या काचेतून, गाडीच्या खिडकीतून, चष्मा लावलेल्या पाहुण्याचा चेहरा टिपताना पांढरा किंवा भडक शर्ट प्रतिबिंबात येतो. जवळ उभे राहिले की लाल शर्टाची झाक समोरच्याच्या गालावर पडते. याची दुसरी बाजू एका जुन्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याने आम्हाला सांगितली होती. तो मुद्दाम पांढरा शर्ट घालीत असे, नवरीच्या चेहऱ्यावर फुकटचा उजेड पडतो म्हणून. लग्नात चालेल. सभागृहात, नाट्यगृहात किंवा रात्रीच्या कामात गडद रंग बरा, उन्हात मधला. चकाकणारे कापड कोठेही नको.

मधला म्हणजे कोणता, इथे खरी अडचण येते. खाकी आणि फौजी हिरवा नको, कारण गर्दीला दुरून पोलीस किंवा जवान वाटतो आणि दगड आधी त्याच्याकडे येतो. छापील ठिपक्यांचा लष्करी नमुना तर मुळीच नको. भगवा, हिरवा, निळा, प्रत्येक रंगाचा आपल्याकडे एक झेंडा आहे. ज्या मोर्चाला जायचे त्याच्या रंगाचा शर्ट घातला तर बातमी पाहणारा म्हणतो हा त्यांचाच, विरुद्ध रंगाचा घातला तर मोर्चातला म्हणतो हा कोण आला. आपल्या समाजातील काही तरुण आता या व्यवसायात आहेत, त्यांना दोन्ही बाजूंच्या गर्दीत उभे राहावे लागते आणि नाव विचारले जाण्याची वेळही येते. त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. आमच्या हिशेबी उरतात ते राखाडी, राखेचा, मातकट तपकिरी आणि फिका स्लेटी. विकायला हे रंग कंटाळवाणे आहेत, ताके पडून राहतात. कॅमेरामनला मात्र तेच द्यावेत.

बोधचिन्हाचेही तसेच आहे. शांत वेळी त्याने काम सोपे होते, पोलीस अडवीत नाहीत. लोक एखाद्या वाहिनीवर चिडलेले असले की तेच चिन्ह गळ्यात येते. २०२०-२१ च्या शेतकरी आंदोलनात दिल्लीच्या सीमेवर काही वाहिन्यांचे वार्ताहर माईकवरचे चिन्ह काढून फिरत होते, हे तेव्हा सर्वांनी वाचले. वार्ताहराला माईकवरचा ठोकळा काढता येतो, कॅमेरामनला छातीवर छापलेले चिन्ह पुसता येत नाही. वाहिन्यांनी छपाईऐवजी बटणांनी लावता-काढता येणारी पट्टी करावी. ती शिवायला दर्जीला फार वेळ लागत नाही. चिकटपट्टीची नको, ती ओढताना जो चर्र आवाज होतो तो माईकमध्ये जातो.

युद्धभूमीवर वार्ताहर निळे चिलखती जाकीट घालतात आणि त्यावर मोठ्या अक्षरांत प्रेस लिहिलेले असते. १६ एप्रिल २००८ रोजी गाझामध्ये रॉयटर्सचा तरुण कॅमेरामन फदल शना इस्रायली रणगाड्याच्या गोळ्याने मारला गेला, तेव्हा त्याच्या अंगावर ते जाकीट होते. १५ डिसेंबर २०२३ रोजी खान युनुसमध्ये अल जझीराचे कॅमेरामन सामेर अबू दक्का हल्ल्यात जखमी होऊन शहीद झाले, मदत त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचू दिली गेली नाही. कापड कितीही चांगले असले तरी समोरच्याने ते मानले पाहिजे. त्यापुढे कापडवाल्याला बोलण्यासारखे काही राहत नाही.

शिलाई

खांदा का जातो, हे आम्ही आमच्या दर्जीला त्या दोघांचे जुने शर्ट दाखवून विचारले. त्याने शर्ट उलटा करून पाहिला आणि म्हणाला, कापड चांगले आहे, शिवण चुकीच्या जागी आहे. तयार शर्टाला खांद्याची शिवण नेमकी तिथे येते जिथे कॅमेऱ्याचा तळ बसतो. खांद्यावरची पट्टी, जिला दर्जी योक म्हणतात, ती दुहेरी करून पुढच्या बाजूला दोन बोटे खाली उतरवली की शिवण वजनाखालून सरकते. सफारीला असतात तशा खांद्यावरच्या बटणाच्या पट्ट्या अजिबात नकोत, कॅमेऱ्याचा पट्टा त्यात अडकतो. खिसा डाव्या छातीला एकच, झाकणाचा. समोरची बटणे पट्टीखाली लपलेली असावीत, गळ्यात लटकवलेले यंत्र त्यांच्यावर घासत नाही.

दुसरी तक्रार अशी की कॅमेरा डोक्यावर धरला की शर्ट पँटीतून बाहेर येतो. यावरचा इलाज आपल्या वडीलधाऱ्यांच्या कुर्त्यात होता. बगलेत तिरका चौकोनी तुकडा लावीत, त्याला चौबगला म्हणत. हात कितीही वर गेला तरी कापड ओढले जात नसे. नव्या शिलाईत कापड आणि वेळ वाचवण्यासाठी तो गेला. शर्टाची लांबीही दोन इंच जास्त ठेवावी. आखूड शर्ट आणि कमरेखालची जीन घालून कॅमेरामन गुडघ्यावर बसतो तेव्हा मागच्यांना जे दिसते ते जुम्म्याच्या सफमध्ये सजद्याच्या वेळी आपणही पाहतो. असो.

पँटीला गुडघ्यावर आतून दुसरा थर हवा. २००८ च्या नोव्हेंबरात ताज हॉटेलसमोर कॅमेरामन जमिनीवर पालथे पडून चित्रण करीत होते, तेही दिवस-रात्र. पूर्वी खिशात कॅसेट आणि बॅटरी मावावी म्हणून बाजारात बिनबाह्यांचे पुष्कळ खिशांचे जाकीट आले. आता नखाएवढे मेमरी कार्ड सांभाळायचे आहे, ते मोठ्या खिशात हरवते. एक छोटा, झिपचा, आतल्या बाजूचा खिसा त्यासाठी पुरे. चित्रण झालेले कार्ड एका खिशात आणि कोरे दुसऱ्यात, अशी सवय त्या पगारी तरुणाने सांगितली, ती आम्हाला आमच्या जमा-खर्चासारखी वाटली. किल्ल्या आणि सुटे पैसे खिशात खुळखुळू देऊ नयेत. सरसर वाजणारे नायलॉनचे जाकीटही त्याच कारणाने टाळावे. टोपीचा पुढचा कडक पडदा कॅमेऱ्याच्या दृश्यकावर आपटतो, म्हणून मऊ, वळणारा असावा.

पायांबद्दल एकच गोष्ट सांगतो. सप्टेंबर २०२० मध्ये आमच्या भिवंडीत जिलानी इमारत कोसळली. ढिगाऱ्याशी आलेल्या कॅमेरामनांपैकी काहींच्या पायांत पातळ तळाचे जाळीदार बूट होते, आणि खाली वाकलेल्या सळ्या आणि खिळे होते. जाड तळाचा, घोट्यापर्यंतचा, नाडीचा बूट घ्यावा. पावसात रबरी गमबूट घोट्यापर्यंतच्या पाण्याला ठीक, गुडघ्याच्या वर पाणी असेल तर ते आत भरते आणि पाय उचलत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली. पायाला खरचटलेले असेल तर तसल्या पाण्यात उतरण्याआधी विचार करावा. रेनकोट नायलॉनचा चालेल, आगीजवळ मात्र नको. पण पहिला रेनकोट कॅमेऱ्याला मिळतो आणि माणूस भिजतो, हे सर्वांनी पाहिले आहे.

मशिदीत, मय्यतीत, आणि मुलींसाठी

ईदच्या नमाजचे चित्रण करायला दरवर्षी कॅमेरामन येतात, त्यांतले बहुतेक मुस्लिमेतर. त्यांना कोणी काही सांगत नाही आणि मग सफमधून बूट घालून चालला म्हणून वाद होतो. आमची सूचना अशी की त्या दिवशी गुडघ्याखाली येणारी पँट, पटकन निघणारे बूट आणि स्वच्छ मोजे घालावेत. बॅगेत एक मोठा सुती रुमाल ठेवावा, तो गुरुद्वारात डोक्यावर बांधता येतो, मशिदीतही आदराने बांधला तर बरे दिसते, उन्हात मानेवर येतो, धुळीत नाकावर, रिमझिम आली तर कॅमेऱ्यावर. केरळात गुरुवायूरसारख्या मंदिरात पुरुषाला मुंडू नेसल्याशिवाय आत सोडत नाहीत, तिथे जाणाऱ्याने ते आधी विचारून घ्यावे. मय्यतीच्या घरी जाताना भडक आणि विनोदी मजकूर छापलेले टी-शर्ट घालू नयेत, ही गोष्ट सांगावी लागते याचे आम्हाला नवल वाटते, पण पाहिले आहे म्हणून सांगतो.

आता मुलीही कॅमेरा धरतात, आपल्याही समाजातल्या काही मुली पत्रकारितेचे शिक्षण घेत आहेत. एका ओळखीच्या गृहस्थांनी मुलीसाठी कापड घेताना विचारले की हिजाब घालून हे काम होईल का. आमचे उत्तर कापडापुरते आहे. बुरख्याला सर्रास वापरतात ते निदा कापड पॉलिस्टर असते, आगीजवळ त्याचा धोका वर सांगितला तोच. जॉर्जेटची ओढणी कानावरच्या हेडफोनखाली घसरत राहते. विणलेल्या सुती जर्सीचा स्कार्फ डोक्याला धरून बसतो, टाचण्या कमी लागतात आणि त्यावर हेडफोन बसतो. लोंबणारे टोक कुर्त्याच्या आत खोचावे. सैल, गुडघ्यापर्यंतचा सुती कुर्ता आणि पायाशी अरुंद सलवार, इतके असले की पायऱ्या चढता येतात. हेच कोणत्याही धर्माच्या मुलीला लागू आहे. ओढणी मोटारसायकलच्या चाकात किंवा तिपाईच्या पेचात अडकते, तिला धर्म विचारीत नाही.

धंद्याच्या बाजूने

या पानाच्या वाचकांत दर्जी, जॉबवाले आणि यंत्रमागवाले बरेच आहेत, म्हणून हिशेब देतो. ५८ इंच पन्ह्यात पूर्ण बाह्यांच्या शर्टाला सुमारे १.६० मीटर, ३६ इंचांत सव्वादोन ते अडीच मीटर कापड जाते. चौबगला आणि दुहेरी योक यांसाठी वीस-पंचवीस सेंटिमीटर वाढवावेत. पँटीला ५८ इंचांत १.३० मीटर, गुडघ्याचा थर धरून थोडे जास्त. सॅन्फोराइज्ड माल नसेल तर शिवण्याआधी रात्रभर भिजवावा, म्हणजे खळही जाते आणि आटायचे ते आटून जाते. न भिजवता शिवलेला सुती शर्ट पहिल्या धुण्यात खांद्यात आखडतो, आणि कॅमेरामनच्या बाबतीत सगळा खेळ खांद्याचा आहे.

धागा मात्र विसरू नये. कापड शंभर टक्के सुती आणि शिलाईचा दोरा पॉलिस्टरचा, असे नव्वद टक्के दर्जी करतात, कारण तो तुटत नाही. आगीत शिवणीच्या रेषेवर तोच वितळतो. सुती दोरा जरा जाड घेऊन टाके जवळ घालावेत. बाजारात असा तयार माल कोणी ठेवीत नाही, मोठ्या कंपन्यांना इतक्या थोड्या गिऱ्हाइकांत रस नाही, आणि नेमके म्हणून हे काम गल्लीतल्या दर्जीला परवडते. लग्नाचे व्हिडिओवाले, छायाचित्रकार, ध्वनीची कामे करणारे यांनाही हाच शर्ट लागतो. नफा टेरीकॉटपेक्षा मीटरमागे कमी सुटतो, हे लपवून ठेवीत नाही. पण तेच गिऱ्हाईक परत येते आणि दुसऱ्याला घेऊन येते.

आमच्या दर्जीने वीस-पंचवीस वर्षांत चौबगला लावला नव्हता. आपल्या मरहूम वडिलांचा एक कुर्ता पेटीतून काढून त्याने तो उसवला, तुकड्याचे माप घेतले आणि दोघांचे मिळून चार शर्ट ईदच्या आधी शिवून दिले. पगारी तरुण नवा शर्ट घालून दुकानात आला आणि काउंटरसमोर उभे राहून त्याने दोन्ही हात डोक्यावर नेले. शर्ट पँटीतून बाहेर आला नाही. मग त्याने बिल वाचले, त्यावर शंभर टक्के सूत, दोराही सुती, असे लिहिले होते. ते घडी घालून त्याने डाव्या खिशात ठेवले आणि म्हणाला, आणखी दोन द्या, राखाडीच.